यंत्राला वाचायला शिकवणाऱ्यांनो, विधानासोबत त्याचा दाखलाही जपा

इंटरनेटवरचा मजकूर वाचून माहिती गोळा करायला संगणकाला शिकवणारे संशोधक, अभियंते आणि या कामाला पैसा पुरवणाऱ्या संस्था यांना,

सप्रेम नमस्कार.

मी संदर्भग्रंथांच्या नोंदी तपासण्याचे काम करते. कुणीतरी लिहिलेले एक विधान समोर येते आणि तिथून माझे काम सुरू होते. हे पहिल्यांदा कुणी म्हटले, कधी म्हटले, कशाच्या आधारावर म्हटले, आणि नंतर कुणी ते खोडून तर काढले नाही ना, एवढे पाहायचे आणि मगच ओळ पुढे सोडायची. तुमची यंत्रे हेच काम माझ्या कितीतरी पट वेगाने करू पाहत आहेत. मला त्याची धास्ती वाटत नाही, अप्रूप वाटते. पण वेगाच्या भरात या कामाचा एक भाग मागे पडत चालला आहे, आणि माझ्या मते तोच गाभ्याचा आहे. म्हणून हे पत्र.

तुमच्या क्षेत्राने काय साधले ते आधी सांगते, कारण तक्रार करणाऱ्याने समोरच्याचे काम नीट समजून घेतलेले असावे. १९८४ मध्ये डग्लस लेनाट यांनी ‘साइक’ हा प्रकल्प सुरू केला. व्यवहारज्ञान माणसांनीच एकेक विधान करून संगणकात भरायचे, अशी ती योजना होती. त्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे. पण जगाची माहिती माणसाच्या टंकनाच्या वेगाने भरायची तर आयुष्ये पुरत नाहीत, हे उघड आहे. मग १९९२ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी दुसरी वाट दाखवली. त्यांनी एका ज्ञानकोशातले वाक्य उदाहरणाला घेतले होते. बांबारा एनडांगसारखी धनुर्वीणा छेडून वाजवतात आणि तिच्या प्रत्येक तारेला वेगळी वाकडी मान असते, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. एनडांग हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी कधीच ऐकलेले नसते. तरी वाक्य संपेपर्यंत एवढे कळून चुकते की ते वाद्य आहे, तंतुवाद्य आहे आणि धनुर्वीणेचा एक प्रकार आहे. हर्स्ट यांचे म्हणणे असे की वाक्याची ठेवणच हे सांगते, मग यंत्राला ती ठेवण ओळखायला शिकवले की पुरे. ‘सोने, चांदी यांसारखे धातू’, ‘तांबे, जस्त आणि इतर धातू’ अशा रचना कुठल्याही भाषेत ढिगाने सापडतात. यंत्राला सोने काय असते हे ठाऊक नसले तरी ते धातूंच्या यादीत नेमके जाऊन बसते.

१९९८ मध्ये सर्गेई ब्रिन यांनी, स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थी असतानाच, याच्या पुढची पायरी गाठली. पाच पुस्तके आणि त्यांचे लेखक, एवढेच त्यांनी यंत्राला दिले. यंत्राने या जोड्या इंटरनेटवर कुठे कुठे आहेत ते शोधले, त्यांच्या आजूबाजूच्या मांडणीचे साचे टिपले, ते साचे वापरून नव्या जोड्या पकडल्या, त्या जोड्यांवरून आणखी साचे काढले. पाचाचे पंधरा हजारांवर झाले. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा कितीतरी वेळ त्याच पानावर थांबले होते. बियाणे एवढेसे आणि पीक एवढे, हे माझ्या कामाच्या सवयीला झेपणारे नव्हते.

आणि मग जानेवारी २०१० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेल’ सुरू केले, म्हणजे न थांबता भाषा शिकत राहणारे यंत्र. मला या यंत्राबद्दल विस्ताराने बोलायचे आहे, कारण आजच्या प्रश्नाचे मूळ आणि त्यावरचा उपाय, दोन्ही तिथे सापडतात.

नेलला सुरुवातीला १२३ वर्ग आणि ५५ प्रकारची नाती दिली होती. शहर, कंपनी, खेळाडू, विद्यापीठ असे वर्ग. अमका खेळाडू तमक्या संघाकडून खेळतो, अमकी कंपनी तमक्या शहरात आहे, अशी नाती. प्रत्येकासाठी दहा-पंधरा उदाहरणे. पुढे यंत्राने रात्रंदिवस वाचत राहायचे आणि रोज कालच्यापेक्षा थोडे अधिक चांगले वाचायला शिकायचे. त्यात एकाऐवजी चार वाचक बसवले होते. एक वाक्यांमधले साचे पाहायचा, दुसरा वेबपानांवरच्या याद्या आणि तक्ते पाहायचा, तिसरा नावाची घडण पाहायचा, म्हणजे अक्षरे आणि प्रत्यय, आणि चौथा आधी जमलेल्या माहितीवरून नियम काढून नवे अंदाज बांधायचा. या चौघांपैकी एकाला जवळजवळ पूर्ण खात्री असेल, किंवा खात्री कमी असली तरी एकाहून अधिक वाचक तेच सांगत असतील, तर ते विधान पक्क्या माहितीत जमा व्हायचे. शिवाय वर्ग एकमेकांना धरून ठेवत. एकच नाव शहरही आहे आणि माणूसही, असे यंत्र म्हणू लागले की काहीतरी चुकले हे त्यालाच कळे. ‘खेळतो’ या नात्याच्या एका टोकाला खेळाडू आणि दुसऱ्या टोकाला संघच असला पाहिजे. एकेक गोष्ट सुटी शिकवली की यंत्र भरकटते, पण पुष्कळ गोष्टी एकमेकींत गुंतवून शिकवल्या की त्या एकमेकींना सावरतात. मला हा विचार अतिशय सुंदर वाटतो. आम्हीही असेच तपासतो. एखाद्याचा मृत्यू १८४० मध्ये झाला असे एक नोंद सांगते आणि त्याने १८५२ मध्ये पत्र लिहिले असे दुसरी सांगते, तेव्हा दोन्ही नोंदी पुन्हा टेबलावर येतात.

तरीही नेल घसरले, आणि कसे घसरले ते पाहण्यासारखे आहे. भट्टीत भाजलेल्या पदार्थांचा वर्ग ते छान शिकत होते. पाव, केक, कुकी, सगळे बरोबर. मग त्याला ‘इंटरनेट कुकीज’ भेटल्या, म्हणजे संकेतस्थळे आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदी. नावावरून यंत्राने त्या भाजलेल्या पदार्थांत टाकल्या. आता ‘मी माझ्या इंटरनेट कुकीज काढून टाकल्या’ अशी वाक्ये त्याला पुराव्यासारखी दिसू लागली. काढून टाकण्याजोगी वस्तू म्हणजे भाजलेला पदार्थ, असा साचा तयार झाला. लोक संगणकावरच्या फाइलीही काढून टाकतात. म्हणून फाइलीही भट्टीतल्या झाल्या. एका चुकीच्या पायरीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशी चुकांची दरड कोसळत गेली. शेवटी मिचेल यांनी ती यादी स्वतः पाहिली, मुळातली चूक काढली आणि त्या वर्गाचे शिक्षण पुन्हा सुरू केले.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी गंमत म्हणून सांगितला जातो. मला तो गमतीचा वाटत नाही. यंत्र तिथे मूर्खपणा करत नव्हते, ते आधीच्या निष्कर्षावर प्रामाणिकपणे विश्वास ठेवत होते. माणसांच्या ज्ञानातल्या मोठ्या चुकाही अशाच घडतात.

पहिल्या ६७ दिवसांचा हिशेब त्या गटाने स्वतः छापला आहे. त्या काळात नेलने २ लाख ४२ हजारांहून अधिक विधाने जमवली आणि त्यांतली सुमारे ७४ टक्के बरोबर असावीत, असा त्यांचा अंदाज होता. पण ही सरासरी झाली. पहिल्या टप्प्यात जमवलेल्या विधानांपैकी ९० टक्के बरोबर होती, मधल्या टप्प्यात ७१ आणि शेवटच्या टप्प्यात ५७. सोपी माहिती आधी संपते आणि अवघड मागे उरते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण माझ्या दृष्टीने अधिक बोलके आहे. त्या वेळच्या रचनेत एकदा पक्के झालेले विधान यंत्र कधीच मागे घेत नसे. आत यायला चार वाचकांचा पहारा होता, पण बाहेर जायला दारच नव्हते.

आपली घसरण अशी उघडपणे मांडणाऱ्या संशोधकांचे मी मनापासून कौतुक करते. त्यांनी ती मांडली म्हणून तर आज मला त्याबद्दल बोलता येते आहे. पण त्या आकड्यांतून जो धडा घ्यायला हवा होता, तो पुढे सोयीस्करपणे बाजूला राहिला, असे मला वाटते. मजकूर वाढवला, यंत्र मोठे केले, वेग वाढवला. विधान मागे घेण्याची सोय मात्र आधीपेक्षाही अवघड होऊन बसली.

मजकुरातून माहिती काढताना नेमके काय गळते, ते एका साध्या वाक्यावर दाखवते. समजा, कुठेतरी लिहिले आहे: ‘जुन्या काही पुस्तकांत या शोधाचे श्रेय त्यांच्या शिष्याला दिलेले असले, तरी पुढे सापडलेल्या पत्रव्यवहारावरून ते खरे नसावे असे दिसते.’ घाईने वाचणाऱ्या यंत्राच्या हाती यातून तीन तुकडे लागतात: शिष्य, शोध, श्रेय. ‘जुन्या काही’ गेले, ‘असले तरी’ गेले, ‘नसावे’ गेले, ‘असे दिसते’ गेले. वाक्य ज्याचे खंडन करण्यासाठी लिहिले होते, तेच पक्की माहिती म्हणून जमा झाले. आजची मॉडेल्स, म्हणजे प्रचंड मजकूर वाचून भाषा शिकलेली यंत्रे, हे वाक्य समोर ठेवले तर बहुधा नीट वाचतील, हे मी मान्य करते. पण अशी असंख्य वाक्ये गिळून झाल्यावर त्यांच्या आत उरते काय? ‘बहुधा’, ‘कथित’, ‘असे म्हणतात’, ‘अमक्यांच्या मते’, ‘अजून सिद्ध झालेले नाही’ हे शब्द लिहिणाऱ्याने भीड म्हणून घातलेले नसतात. आपल्याला किती ठाऊक आहे आणि कुठून पुढे ठाऊक नाही, याची ती मोजणी असते. एखाद्या अभ्यासकाची वर्षानुवर्षांची मेहनत कधी कधी त्या एका ‘नसावे’ मध्ये असते.

दुसरी गळती साक्षीदारांच्या मोजणीत होते, आणि मला तिचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. कोआटी नावाचा एक प्राणी आहे, रकूनच्या कुळातला, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत राहणारा. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने विकिपीडियावरच्या त्याच्या लेखात काही शब्द घुसडले: याला ‘ब्राझिलियन आर्डव्हार्क’ असेही म्हणतात. आर्डव्हार्क हा आफ्रिकेतला वेगळाच प्राणी, त्याचा आणि कोआटीचा काही संबंध नाही. ते नाव त्या विद्यार्थ्याच्याच डोक्यातून आले होते. पण ते तिथे टिकले. पुढे ते वर्तमानपत्रांत आले, विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढलेल्या एका पुस्तकात आले. आणि मग त्याच विकिपीडिया लेखात त्या नावाला आधार म्हणून एका वर्तमानपत्राचा दुवा लावला गेला. वर्तुळ पूर्ण झाले. २०१४ मध्ये ही हकिगत छापून आली तोवर ते नाव बऱ्यापैकी रुळले होते.

‘यालाच अमुक असेही म्हणतात’ ही रचना म्हणजे तुमच्या यंत्रांचे आवडते खाद्य. १९९२ पासून ती अशीच वाक्ये टिपायला शिकली आहेत. आणि एखादी गोष्ट अनेक ठिकाणी लिहिलेली दिसली की त्यांचा विश्वास वाढतो. नेलच्या चार वाचकांची सगळी ताकद यात होती की ते वेगवेगळ्या मार्गांनी एकाच निष्कर्षावर येत. पण चौघांनी वाचलेला मजकूरच एका ठिकाणाहून उतरवलेला असेल तर त्यांच्या एकमताला काय अर्थ उरतो? शंभर प्रती म्हणजे शंभर साक्षीदार नसतात.

जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हे फार आधी कळले होते. एखाद्या ग्रंथाच्या चाळीस पोथ्या असतील आणि एकोणचाळीस एक पाठ देत असतील, तरी ते बहुमत मोजत नाहीत. ते पोथ्यांची वंशावळ मांडतात. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली, हे शोधायला त्यांना सर्वात उपयोगी पडतात त्या चुका. दोन पोथ्यांत एकच ओळ गळलेली असेल, एकाच जागी तोच शब्द तसाच बिघडलेला असेल, तर दोघींचे मूळ एक. आम्ही नोंदी तपासतानाही हेच करतो. पाच पुस्तके एकच साल देतात तेव्हा मी आधी पाहते की त्यांनी नावांचा क्रमही तोच ठेवला आहे का, एखाद्या गावाचे नाव सगळ्यांनी सारखेच चुकवले आहे का. तसे असेल तर माझ्यासाठी ती पाच पुस्तके एकच आहेत, आणि कधी कधी एकही नाही. हे काम यंत्राला माझ्यापेक्षा सहज जमेल, कारण त्याला सगळ्या प्रती एकदम पाहता येतात. मजकुराची सरळ नक्कल ओळखून वेगळी करण्याचे तंत्र तुमच्याकडे आहेच. मी विचारते आहे ते त्याच्या पुढचे, म्हणजे शब्द बदलले तरी बातमी कुणाकडून कुणाकडे गेली, याचा माग. यावर जेवढा खर्च व्हायला हवा तेवढा होताना मला दिसत नाही.

आता तर प्रतींचा हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. यंत्रांनी लिहिलेला मजकूर इंटरनेटवर पसरतो आहे आणि पुढची यंत्रे तोच वाचून शिकतात. २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवले की मॉडेल्सना पिढ्यान् पिढ्या मॉडेल्सचेच लिखाण सरसकट वाचायला दिले, तर आधी दुर्मीळ आणि कडेच्या गोष्टी पुसल्या जातात आणि मग सगळेच बिघडते. ज्या भाषांत मुळातच कमी मजकूर आहे, त्यांची अवस्था यात अधिक नाजूक आहे. तिथे चार अस्सल पानांशेजारी यांत्रिक भाषांतराची चाळीस पाने यायला वेळ लागत नाही, आणि मोजणारे यंत्र चाळिसांकडे झुकते.

काळाचाही असाच घोळ आहे. प्लूटोचा शोध १९३० मध्ये लागला आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने त्याला बटुग्रह ठरवले. मधल्या ७६ वर्षांत लिहिलेली पुस्तके, लेख, प्रश्नपत्रिका सगळीकडे नऊ ग्रह आहेत. त्यांपैकी कुणी खोटे लिहिले नव्हते. फक्त त्या प्रत्येक विधानावर तारीख आहे, आणि ती तारीख काढून टाकली की खरे विधान चुकीचे होते. याहून गंभीर उदाहरण वैद्यकातले आहे. लहान मुलांना देतात त्या एका लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा लेख १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये छापून आला आणि २०१० मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत त्यावर विसंबून लिहिलेला बराचसा मजकूर मात्र कुणी मागे घेतलेला नाही. तो जागच्या जागी आहे, वाचला जातो आहे. मूळ लेख मागे घेतल्याची खबर त्यावर आधारलेल्या प्रत्येक पानापर्यंत पोचवणारी वाट इंटरनेटवर नाही. माणसाला निदान कुणीतरी सांगण्याची शक्यता असते. यंत्रासाठी ती वाट तुम्हालाच बांधावी लागेल.

एक गोष्ट ओझरती सांगून पुढे जाते. लोक जे लिहितात ते जगाचे प्रमाणबद्ध चित्र नसते. कुणी डोळ्यांची उघडझाप केली हे कुणी लिहीत नाही, खून झाला की सगळे लिहितात. नेहमीचे, सर्वांना माहीत असलेले, न लिहिताच राहून जाते. म्हणून केवळ वाचून शिकणाऱ्याला अपवाद नेहमीचे वाटू लागतात. २०१३ मध्ये दोन संशोधकांनी यावर नेमके बोट ठेवले होते, त्यांचे म्हणणे तुम्हाला ठाऊकच असेल.

आता आजच्या मोठ्या भाषिक मॉडेल्सकडे येते. नेलच्या काळात निदान एक वही होती. प्रत्येक विधान वेगळी ओळ, त्याच्यासमोर खात्रीचा आकडा, आणि ते कोणत्या वाचकाने कशावरून सुचवले याची नोंद. चूक सापडली तर बोट ठेवायला जागा होती. मिचेल यांना ‘इंटरनेट कुकीज’ ही ओळ दिसली म्हणून ती काढता आली. आजचे मॉडेल पुढचा शब्द ओळखत ओळखत शिकते आणि त्याने वाचलेले सगळे अब्जावधी आकड्यांत विरघळून जाते. अमुक विधान यात कुठे आहे, असे विचारले तर ते दाखवता येत नाही. एक चूक दुरुस्त करायला गेले तर शेजारचे काय हलेल, याची खात्री देता येत नाही. २०२३ मध्ये असेही दिसून आले की ‘अ म्हणजे ब’ असे शिकलेले मॉडेल ‘ब म्हणजे कोण’ या प्रश्नावर अडखळू शकते. म्हणजे त्याच्याजवळ आहे ती माहिती आहे की वाक्यांची वळणे आहेत, हेही नक्की सांगणे कठीण.

भाषा हाताळण्यात या मॉडेल्सनी जी मजल मारली आहे ती विलक्षण आहे, आणि परत वह्यांच्या काळात चला, असे मी म्हणत नाही. पण त्या वहीबरोबर दोन गोष्टी गेल्या, त्या परत हव्यात. कुठून कळले हे सांगण्याची क्षमता, आणि किती खात्री आहे हे सांगण्याचा प्रामाणिकपणा.

दुसरीबद्दल एक प्रसंग आठवतो. फेब्रुवारी २०११ मध्ये आयबीएमचे ‘वॉटसन’ हे प्रश्नांची उत्तरे देणारे यंत्र अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेत दोन नामांकित विजेत्यांविरुद्ध उतरले. पहिल्या सामन्याचा शेवटचा प्रश्न अमेरिकेतल्या शहरांबद्दल होता: ज्याच्या सर्वात मोठ्या विमानतळाला दुसऱ्या महायुद्धातल्या वीराचे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या विमानतळाला त्याच युद्धातल्या लढाईचे नाव आहे, असे शहर कोणते? उत्तर होते शिकागो. वॉटसनने टोरांटो म्हटले, जे कॅनडात आहे. लोकांच्या लक्षात ती चूक राहिली. माझ्या लक्षात राहिली ती त्या उत्तरापुढची प्रश्नचिन्हांची रांग. चुकले, पण आपल्याला नीट माहीत नाही हे त्याला माहीत होते आणि त्याने ते दाखवले. आज लाखो लोक यंत्राला औषधांबद्दल, कायद्याबद्दल, इतिहासाबद्दल विचारतात. खरे आणि रचलेले, दोन्ही उत्तरे त्यांना एकाच ठाम सुरात मिळतात. ती प्रश्नचिन्हे कुठे गेली?

पहिल्या गोष्टीबाबत हालचाल सुरू आहे, हे मी पाहते आहे. उत्तर देताना पाने शोधून त्यांचे दुवे जोडणारी यंत्रे आली आहेत. दिशा योग्य आहे. मात्र मी असे दुवे उघडून पाहते, कारण सवयच तशी आहे. पुष्कळदा पान असते आणि विषयही तोच असतो, पण पानावर ‘असू शकते’ लिहिलेले असते आणि उत्तरात ‘आहे’. कधी पान त्या विधानाबद्दल काहीच बोलत नाही. उत्तर आधी सुचले आणि आधार मागाहून शोधून चिकटवला, तर त्याला दाखला म्हणता येत नाही. विधान ज्यातून निघाले ते वाक्य, त्याच्या किंतु-परंतुंसकट, म्हणजे दाखला.

हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये, कारण माणसांनी ते करून दाखवले आहे. २०१२ पासून चालू असलेल्या विकिडेटामध्ये, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीने उभ्या राहिलेल्या खुल्या माहितीसंग्रहात, प्रत्येक विधानाला स्रोत जोडता येतो, ते कधीपासून कधीपर्यंत खरे होते हे लिहिता येते, आणि दोन स्रोतांत मतभेद असेल तर दोन्ही विधाने शेजारी शेजारी ठेवता येतात. खोटे ठरलेले विधानसुद्धा पुसून टाकावे लागत नाही, त्यावर ‘आता ग्राह्य नाही’ अशी खूण करून ते ठेवता येते, म्हणजे पुढच्या माणसाला कळते की हे कुणीतरी म्हटले होते आणि ते टिकले नाही. बहुतांश बिनपगारी काम करणाऱ्या लोकांनी ही शिस्त उभी केली. तुमची यंत्रे त्यांच्याच मजकुरावर वाढली आहेत. मजकूर घेतलात, तर शिस्तही घ्या.

म्हणून माझे मागणे असे आहे. यंत्र वाचून जे शिकते त्यातल्या निदान महत्त्वाच्या विधानांना त्यांच्या मूळ वाक्याशी आणि तारखेशी बांधून ठेवा. एखादे विधान कोसळले की त्याच्या आधारावर उभी राहिलेली विधाने कोणती, हे शोधून तीही पुन्हा तपासणीला आणायची सोय करा. नाहीतर भट्टीतल्या फाइली तशाच राहतात. खात्री मोजताना किती ठिकाणी लिहिले आहे यापेक्षा किती जणांनी स्वतंत्रपणे पाहिले आहे, याला वजन द्या. आणि ‘मला माहीत नाही’ या उत्तराला तुमच्या परीक्षांत शून्य गुण देणे थांबवा. चुकीच्या उत्तराला आणि प्रामाणिक नकाराला सारखेच शून्य मिळत असेल, तर यंत्र नेहमी ठोकूनच देणार.

पैसा देणाऱ्या संस्थांना वेगळे सांगायचे आहे. तपासणी हे शिक्षण संपल्यावर करायचे किरकोळ काम नाही. नेल काही महिने आपापले शिकल्यावर संशोधकांना बसून याद्या चाळाव्या लागल्या होत्या, आणि थोड्याशा मानवी दुरुस्तीने त्याला पुष्कळ सावरले. आज त्या जागी विषय जाणणारी माणसे हवीत, त्यांना पुरेसा वेळ हवा, नीट मोबदला हवा आणि ‘हे चूक आहे’ म्हटल्यावर यंत्रात बदल होईल असा अधिकार हवा. नवे, आणखी मोठे मॉडेल बनवण्यासाठी निधी मिळतो. बनलेल्याची माहिती वर्षानुवर्षे नीट राखायला कोण देते?

शेवटची विनंती अगदी छोटी आहे आणि ती पुढच्याच आवृत्तीपासून पाळता येईल. नवे मॉडेल बाहेर काढताना ते किती परीक्षांत पहिले आले, याचे तक्ते तुम्ही छापताच. त्यांच्यासोबत आणखी एक यादी द्या. आधीच्या आवृत्तीने ठामपणे सांगितलेली कोणती विधाने चुकीची निघाली, ती कोणत्या मजकुरातून आली होती, आणि आता ती मागे घेतली आहेत का. यादी लांबलचक असली तरी चालेल, अपुरी असली तरी चालेल. मी ती ओळ न् ओळ वाचीन, आणि माझ्यासारखे काम करणारे आणखी बरेच जण वाचतील आणि राहिलेले सांगतील.

आपली,
संदर्भनोंदी तपासणारी एक संपादक